तोंड नसलेला बाण

१

"शेपूट आहे, तोंड नाही म्हणे. माझ्या बाणाला!"

नितेश माझ्या खुर्चीच्या पाठीवर रेलून थेट कानात कुरकुरत होता. "विमलताई, तुम्हीच बघा. अख्ख्या गोदामाचा नकाशा काढला, बेचाळीस चौकटी. आणि बाईंचा शेरा काय? 'अपूर्ण.' एक बाण कुठे पोचत नाही म्हणून. अहो, गोदामात माल हरवतो यार. हरवलेला माल कुठे पोचणार?"

"मग 'हरवला' अशी एक चौकट काढ," मी म्हटलं. "आणि जरा लांब उभा राहा. लसणाची चटणी खाल्लीयस."

साकीनाक्याच्या एका गाळ्यावर, चौथ्या मजल्यावर आमचं संशोधन केंद्र आहे. खाली साचे ठोकतात, वर आम्ही चौकटी आखतो. एखादा धंदा कसा चालतो ते कागदावर उतरवायचं, हे इथलं काम. प्रत्येक कामाची एक चौकट, पुढच्या कामाकडे जाणारा बाण, आणि बाजूला माहितीचा तक्ता: कोण, काय, किती, कधी. त्यावरून मग कंपन्या संगणकाच्या प्रणाल्या बनवतात. मी इथे टायपिस्ट म्हणून आले त्याला एकोणीस वर्षं झाली. विद्यार्थ्यांनी कचऱ्यात टाकलेले आराखडे उलगडून उलगडून हे शास्त्र शिकले. पदवी नाही, पण कुणाचा बाण कुठे वाकडा जातो ते मला लांबून कळतं.

बाई म्हणजे डॉ. शर्मिष्ठा, आमच्या केंद्रप्रमुख. मला कचऱ्याच्या टोपलीत वाकलेलं बघून त्यांनीच पहिलं पुस्तक हातात ठेवलं होतं. "चोरून कशाला शिकतेस, विमल? बसून शीक," म्हणाल्या होत्या.

माझ्या टेबलासमोर भिंतीवर एक फोटो आहे. गेल्या माघात आम्ही सगळे अक्षताच्या कोळीवाड्यात गेलो होतो तेव्हाचा. नितेशने हात लांब करून काढलेला सेल्फी. पुढे त्याचा मोठा चेहरा, मागे अक्षता, मी, धक्क्यावरच्या कोळिणी. माझा चेहरा बरा आलाय म्हणून मीच तो छापून आणला. बाईंची तेवढी फक्त पाठ आलीये, हिरवी साडी आणि अंबाडा. "बाई कॅमेऱ्याला भाव देत नाहीत," असं आम्ही हसत म्हणायचो.

तेवढ्यात अक्षता आली. आमची पीएचडीची विद्यार्थिनी, तोंडी परीक्षा बारा दिवसांवर. तिने एक गुळगुळीत अहवाल माझ्या कीबोर्डवरच ठेवला.

"पान तेवीस," ती म्हणाली. "ताई, हे कोणी दिलं ह्यांना?"

मी पान उघडलं. धक्क्यावरच्या मासळीच्या लिलावाचा आराखडा होता. मधोमध एक लाल चौकट: 'लिलावापूर्वीची गळती.' तिच्यातून निघालेला बाण एका तक्त्याला पोचला होता. तक्त्यात लिहिलं होतं: 'लाभार्थी: ७ घरे. सर्व महिला.'

"आत्याने माझ्या तोंडावर दार लावलं," अक्षता म्हणाली. "पहिल्यांदा."

२

तिची कमळआत्या म्हणजे तिचं सगळं घर. अक्षता चार वर्षांची असताना तिचे बाबा समुद्रावर गेले ते परतले नाहीत. आई त्यानंतर वर्षभरात गेली. आत्याने मासळी विकून तिला वाढवलं, शिकवलं, आणि धक्क्यावरच्या प्रत्येक बाईला सांगितलं की आमची पोर डॉक्टर होणार, सुई न टोचणारी.

त्यांच्या धक्क्यावर एक रीत आहे. बोट लागली की लिलावाच्या आधी कमळआत्या एक वाटा काढून पाण्याच्या बाजूला ठेवते. ज्यांचा माणूस समुद्राने नेला त्या घरांसाठी. मग धक्क्यावरचे सगळे जण गावाकडे तोंड करून उभे राहतात. एक आरती म्हणायला लागतो तेवढा वेळ. पुन्हा वळतात तेव्हा वाटा गेलेला असतो. कोणी नेला ते कोणी पाहत नाही, आणि विचारत तर मुळीच नाही. नेणाऱ्या बाईला उद्या त्याच धक्क्यावर मान वर करून फिरायचं असतं.

बाबा गेल्यावर, आई होती तोवर, अक्षताच्या घरी तोच वाटा शिजायचा. हे तिने मला एकदाच सांगितलं, आणि लगेच चहाचं विचारलं.

धक्क्याचा आराखडा काढायला आत्याने परवानगी दिली ती एका अटीवर. वाटा कागदावर येता कामा नये. पण आराखड्याचा पहिला खर्डा आम्ही भिंतीवर खाकी कागद लावून, त्यावर पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवून करतो. आम्ही सगळे धक्क्यावर गेलो त्याच्या आधीच्या एका दुपारी अक्षता सवयीने सगळं सांगत गेली आणि एक चिठ्ठी लागली: 'वाटा.' तिच्यातून एक बाण निघाला आणि कोऱ्या कागदावर तसाच थांबला.

"हा कुठे जातो?" बाईंनी विचारलं.

"तिथे बघायचं नसतं," अक्षता म्हणाली, आणि भानावर आली. मग तिने रीत सांगितली, आत्याची अटही सांगितली.

बाई हसल्या. उठून त्यांनी स्वतःच्या हाताने ती चिठ्ठी काढली, चुरगळली. "घरचं घरात राहू दे," म्हणाल्या. तिच्या जागी 'बर्फ तपासणे' अशी एक निरुपद्रवी चौकट आली. प्रबंधातही तीच आहे.

ती चिठ्ठी पाहणारे आम्ही पाच जण होतो. अक्षता, बाई, नितेश, मी आणि कृणाल. कृणाल त्या कंपनीचा माणूस, जिने हा अहवाल छापला. मासळीबाजारासाठी ते ॲप बनवतायत आणि केंद्राशी त्यांचा करार आहे.

"म्हणजे प्रबंधाची फाइल फुटलेली नाही," मी म्हटलं. "प्रबंधात बर्फ आहे, अहवालात वाटा. ज्याने दिलं त्याने डोक्यातून दिलं. आपल्या पाचांतलंच कोणीतरी."

"ताई, एक गोष्ट राहिली." अक्षताने 'सात' ह्या आकड्यावर बोट ठेवलं. "चिठ्ठीवर आकडा नव्हता. मी जन्मापासून वळून उभी राहते. सात आहेत की सतरा, हे मलाही माहीत नाही. मग हे आले कुठून?"

३

अहवाल घेऊन मी आमच्या संस्थेच्या संचालकांकडे गेले. त्यांनी मला आत घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "थोडा ओव्हरलॅप झालाय." मी म्हटलं, दोन साड्यांच्या निऱ्या ओव्हरलॅप होतात साहेब. ते खिडकीतून मेट्रोचा पूल बघायला लागले.

कृणालचं ऑफिस अंधेरीला, काचेच्या इमारतीत. पोरगा वाईट नाही. माझ्यासाठी खुर्ची स्वतः ओढली.

"ताई, आम्ही मंजूर होऊन आलेलंच छापतो. मेलवर आलं, छापलं. सिंपल."

"कोणाच्या मेलवरून?"

"करार आहे ना ताई. नाही सांगता येत." त्याने पेनचं टोपण चारदा काढलं नि लावलं. "आणि 'गळती' हा टेक्निकल शब्द आहे हो. कोणाला चोर नाही म्हटलेलं."

"सात तू मोजलेस?"

"मी? मी त्या दिवशी पोचलो तेव्हा लिलाव संपून कोळिणी टोपल्या धूत होत्या! तुम्हीच मला 'आला का नवरदेव' म्हणालात."

म्हणाले होते खरी. फोटोतही तो नाही.

मी निघाले तर मागून म्हणाला, "ताई, नितेश सांगेल ना तुम्हाला. एक तारखेपासून तो आमच्याकडेच येतोय."

रिक्षात बसले तरी ते वाक्य कानातून जाईना. नितेशने आमच्यापैकी कोणालाच हे सांगितलं नव्हतं.

४

अक्षता त्याच्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"नोकरी लागली म्हणे," ती म्हणाली. "पेढे नाही आणलेस?"

नितेशने डब्याचं झाकण परत लावलं. "सांगणार होतो गं."

"माझ्या आत्याच्या बदल्यात लागली का?"

"अक्षता, आईशप्पथ! नोकरी घेतली हे खरं. लपवलं हेही खरं, बाईंना काय वाटेल म्हणून. पण तुझं काही दिलं नाही. सात-बित मला काय माहीत? वळा म्हणाले, मी वळलो. वळून तर सेल्फी काढला!" त्याने माझ्या टेबलासमोरच्या भिंतीकडे बोट दाखवलं. मग ते बोट हळूहळू खाली आलं. "ताई, तो फोटो तुम्ही रोज बघता ना?"

"बघते. का रे?"

"काही नाही." त्याने बॅग उचलली. "मी अहवाल वाचल्यापासून रोज बघतोय."

आणि तो जेवायच्या सुट्टीतच घरी निघून गेला. डबा टेबलावर तसाच.

संध्याकाळी मी बाईंच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी नेहमीसारखा स्वतःच्या हाताने चहा केला, माझ्यात साखर कमी.

"गैरसमज आहे सगळा, विमल. मिटेल. अक्षताला म्हणावं, परीक्षेकडे लक्ष दे. मी आहे ना."

"आत्या बोलत नाही तिच्याशी. वाटा न्यायला आता कोणी येत नाही म्हणतात."

"हं." बाई कपाकडे बघत राहिल्या. "त्या पदराखाली टोपली धरून जाणाऱ्या बायका. त्यांच्यापर्यंत अहवाल कसा पोचला असेल, सांग बरं? कोण वाचून दाखवतं हे असलं?"

मी कप विसळून ठेवला. लिफ्टमध्ये चौथ्यावरून तिसऱ्यावर येईपर्यंत काहीतरी टोचत होतं. काय, ते कळेना.

५

दुसऱ्या दिवशी मी अंधेरीच्या बाजारात कमळआत्याच्या पाटासमोर उभी राहिले. मांदेली घ्यायचं निमित्त.

"तू तिच्या हापिसातली ना?" तिने कोयता न थांबवता विचारलं.

"हो. पण हे तिने केलेलं नाही, आत्या."

"मंग कोणी केला? तिला सोडून तुमच्यात ठाऊक कोणाला होता?" मांदेलीची डोकी सपासप उडत होती. "चोवीस वरसं मी वाटा काढतंय. एकदा पण वळून बघितला नाय. किती जणी, कोण, टोपली आणतात का पिशवी, मला ठाऊक नाय. त्या मच्छीमार सोसायटीवाल्यानं चार दिसांमागं धक्क्यावर मोठ्यानं वाचून दाखवला. सात घरा! सगळ्या हसल्या, कोण सात, कोण सात करून. त्या दिसापासून वाटा तसाच पडून राहतंय, बाय. मांजरा खातात."

"आत्या, सगळे वळतात नक्की? सगळे?"

"सगळे. लिलावाच्या टायमाला कोळीण मासळीकडं पाठ करून उभी राहील काय कधी? पण तेव्हा राहतंय." तिने मांदेली कागदात बांधली आणि पैसे घेतले नाहीत. "ज्यानं मोजला, तो वळला नसेल. एवढाच."

मी दोन पावलं गेले आणि मासळीबाजाराच्या मधोमध थांबले. मागच्या बाईने माझ्या टाचेला टोपली लावली नि शिवी दिली. तरी मी तशीच उभी.

टोपली आणतात की पिशवी हे चोवीस वर्षं वाटा काढणारीला माहीत नाही. अहवालातही नाही. पण काल मला कोणीतरी सांगितलं होतं.

पदराखाली टोपली धरून.

६

ऑफिसात येऊन मी फोटो भिंतीवरून उतरवला. दहा महिने मी त्यात माझंच तोंड बघत होते.

नितेशचं तोंड गावाकडे. हात पुढे, म्हणून कॅमेरा समुद्राकडे बघतोय. त्याच्यामागे कमळआत्या, हात जोडलेली, मासळी तिच्या पाठीशी. म्हणजे हा तोच क्षण. दुसऱ्या कुठल्याही क्षणी ती मासळीकडे पाठ करणार नाही. अक्षता, डोळे मिटलेली. मी, कौतुकाने भरलेली. पंधरा-वीस कोळिणी. कॅमेऱ्याला सगळ्यांची तोंडं दिसतात, कारण सगळेच वळलेत. त्यांच्या गर्दीआड पाणी लपलंय. वाट्याकडे येणाऱ्या बायका नितेशच्या फोनलाही दिसल्या नाहीत, त्यामुळे फोटो बघून सात मोजता येत नाहीत.

आणि त्या सगळ्या तोंडांमध्ये एक पाठ. हिरवी साडी, अंबाडा.

आम्ही म्हणायचो, बाई कॅमेऱ्याला भाव देत नाहीत. अख्ख्या धक्क्यावर त्या एकट्याच वळल्या नव्हत्या.

मी तासभर दुसरा रस्ता शोधला. खरंच शोधला. कृणाल उशिरा आला नसेल, नितेशने आधी एक फोटो काढला असेल, पदराखालच्या टोपलीचं बाईंना कोणीतरी सांगितलं असेल. प्रत्येक बाण काढून बघितला. एकही पोचत नव्हता. जो पोचत होता तो त्याच केबिनमध्ये जात होता, जिथे माझ्या चहात साखर कमी घालतात.

अक्षताला सांगितलं तर ती चकित झाली नाही. नखाने टेबलाची कड खरवडत राहिली.

"तुला माहीत होतं?"

"पान तेवीस बघितलं तेव्हाच. बाण पुरा केला होता ना, ताई. पुरा केल्याशिवाय कोणाला झोप लागत नाही?" नखातला भुगा तिने झटकला. "मला वाटलं होतं, तुम्ही शोधून दुसऱ्या कोणाचं तरी नाव आणाल. म्हणून तुमच्याकडे आले."

संचालक, कृणाल, नितेश, ही आणि मी. सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळे एकमेकांकडे बघत बसलो होतो.

बाईंच्या टेबलावर मी फोटो ठेवला. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"कंपनी म्हणाली, आराखड्यात भोक आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "प्रत्येक बोटीमागे थोडी मासळी लिलावापर्यंत पोचत नाही, ती कुठे जाते? उत्तर नसेल तर करार पुढे नाही. करार नाही तर केंद्र नाही. तू, नितेश, हे सगळं..." त्यांनी हात फिरवला. "आणि आयुष्यभर पोरांना सांगत आले, बाण लटकता कामा नये. मला काय ठाऊक ते 'गळती' लिहितील? मी 'राखीव' लिहिलं होतं, विमल."

"तुम्ही चिठ्ठी चुरगळली होती, बाई," अक्षता म्हणाली. "माझ्यासमोर."

बाईंनी कोरा कागद ओढला. "मी लिहून देते. संशोधनात नजरचूक झाली, अक्षताचा संबंध नाही. संचालकांना, कंपनीला, सोसायटीला. तुझ्या परीक्षेवर डाग येणार नाही."

"मला पत्र नको." अक्षताने तो कागद उलटा केला. "धक्क्यावर चला. आत्यासमोर."

"तिथे मी काय बोलणार?"

"तेच विचारतेय मी."

७

सकाळी सहाला आम्ही तिघी धक्क्यावर होतो. नितेशही आला होता, न बोलावता. लांब जाळ्याच्या ढिगापाशी उभा राहिला.

कमळआत्याने अक्षताकडे बघितलं नाही. बोट लागली होती, टोपल्या उतरत होत्या.

"कमळताई," बाईंनी सुरुवात केली, "आमच्या कामात कधी कधी असं होतं, की माहिती गोळा करताना, प्रक्रियेचा एक भाग..."

"बाजूला व्हा, टोपली येतंय," आत्या म्हणाली.

बाई बाजूला झाल्या. पुन्हा जवळ गेल्या. "म्हणजे जो अहवाल आला, त्यात एक प्रकारचा..."

कोळिणी ऐकत होत्या आणि ऐकत नसल्यासारखं करत होत्या. एकीने दुसरीला कोपर मारलं. ओव्हरलॅप, गैरसमज, नजरचूक, सगळे शब्द बाईंच्या ओठांपर्यंत येऊन परत जाताना मला दिसत होते. एकोणीस वर्षांत ह्या बाईला शब्द सापडला नाही असं मी बघितलं नव्हतं. मला त्यांचा हात धरावासा वाटला. धरला नाही.

आत्याने वाटा काढला. बांगडे, थोडे बोंबील, एक चांगला पापलेट. पाण्याच्या कडेला फडक्यावर ठेवला, जिथे पाच दिवस तो मांजरांनी खाल्ला होता. तरी तिने पापलेट घातलाच.

मग ती वळली. तिच्यामागोमाग सगळ्या कोळिणी वळल्या. अक्षता वळली. नितेश वळला, हात खिशात, फोन नाही. मी वळले.

बाई शेवटी वळल्या. त्यांच्या चपलेखाली वाळू करकरली तेवढं कळलं. आम्ही सगळे गावाकडे तोंड करून उभे होतो. समोर पत्र्याची छपरं, दोरीवरचे कपडे, कुणाच्या तरी खिडकीत दात घासणारा म्हातारा. मागे काय चाललंय, कोणी आलं की नाही, वाळूवर पाऊल वाजलं की लाटच ती, कोणीच बघत नव्हतं. बाईंकडेही कोणी बघत नव्हतं.

आरती निम्म्यावर आली असेल.

"कमळताई," बाई म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण धक्का शांत होता, सगळ्यांना गेला. "पोरीने काही सांगितलं नाही कोणाला. त्या दिवशी तुम्ही सगळ्या वळलात. मी वळले नाही."

आत्याचे जोडलेले हात तसेच होते.

"मी उभी राहून मोजलं."